कच्चा रंग

एकोणतीस वर्षं मी सुताच्या लडी रंगवल्या
अक्कलकोट रोडला, भट्टीच्या वाफेत.
हिरव्याचे अकरा प्रकार ओळखतो मी,
त्यातले चार नुसत्या वासावरून.
म्हणून साईचंदनं बुटाच्या खोक्यातून
तोडलेल्या बाभळीखालचा घोयरा आणला, तेव्हा
सगळी गल्ली म्हणाली,
काका, हा तुमच्याच धंद्यातला.

गड्डमशी मी पैज लावली
की चादरीवर ठेवला तर तो चादरीचा होईल.
हरलो. दोन कप चहा.
तो चादरीचा होत नाही.
उन्हाचा होतो, रागाचा होतो, झोपेचा होतो.
सरड्यासारखा रंग बदलतो म्हणणाऱ्यांनी
सरड्याकडे कधी पाहिलेलं नसतं.

मग एप्रिल आला. पारा चव्वेचाळीस.
एका दुपारी तो राखेच्या रंगावर आला
आणि तिथेच थांबला.
मी म्हटलं, उन्हानं असेल.
लडीला रंग बसला नाही की
नवखा रंगारी रंगालाच शिव्या घालतो,
पाणी तपासत नाही.
मी नवखा नव्हतो, तरी तेच केलं.

भुईकोटाच्या बुरुजांसारखे त्याचे डोळे,
एक पूर्वेला, एक पश्चिमेला फिरणारे,
आत बसले होते. भरदिवसा मिटलेले.
नाकतोड्यावर जीभ सुटली
आणि वितभर अलीकडेच पडली.
खालच्या कागदावर जे पांढरं पडायचं
ते केशरी पडलं होतं.
केशरी मला आवडतो. हा नाही आवडला.

राजमणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
पानं ओल्या गोणपाटात.
"वाटीत पाणी आहे की त्याच्या," मी म्हणालो.
"वाटी कुणी शिकवली त्याला?" ती म्हणाली,
आणि मग स्वतःशीच, माहेरच्या भाषेत:
आकु तडुपु.
पान ओलं कर.

नळ पाचव्या दिवशी येणार होता.
पिंपातलं तळाचं पाणी गाळलं,
न्हाव्याकडून फवाऱ्याची बाटली मागून आणली.
कढीपत्त्याच्या टोकाशी थेंब लोंबला.
बराच वेळ काही नाही.
मग एक डोळा हलला,
आणि तो प्यायला, थेंबामागून थेंब,
अर्धा तास, घाई न करता,
जशी माझी आई ताटातला शेवटचा भात जेवायची.

डोळे भरले. आम्ही निजलो.
सकाळी पाहिलं तर कोपर धनुष्यासारखं वाकलेलं,
पंजा फांदी धरायचा आणि विसरायचा.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे
पोट फुगलेलं एक वासरू होतं.
हत्तुरे मॅडमनी खोकं उघडलं,
एका बोटानं कोपर चाचपलं, अगदी हळू.
"हाड मऊ पडलंय. कॅल्शियम नाही, ऊन नाही."
"खिडकीत ठेवतो की, मॅडम."
"काचेतून येतो तो उजेड, काका. ऊन नव्हे."
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"आणि हा पाळायचा नसतो. वन्यजीव आहे, गुन्हा होतो.
वनखात्याला मी फोन करते. ते बरा करतील."

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
याला मी तीन फूट जाळी दिली होती
आणि त्याला माया म्हणत होतो.
कागदावर सही केली. हात थरथरला,
तो वयानं, असं मी त्या पोराला सांगितलं.

महिन्यानं फोन आला, सोडला म्हणे.
कुठे ते सांगितलं नाही. बरोबर केलं.
मी रंग विचारला.
पोरगा गोंधळला. "हिरवा, काका."
अकरातला कुठला, ते त्याला कसं कळणार.

काल राजमणीच्या हातून कप निसटला.
मधलं बोट सरळ होत नाही तिचं,
कधीपासून, मला ठाऊक नाही.
पंचेचाळीस वर्षं घराच्या सावलीत पानं कापलेली.
म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ. आत्ता चल, गच्चीत बस,
कोवळं ऊन आहे.
"मी काय सरडा आहे?" ती म्हणाली,
आणि सूप बाजूला ठेवून
उठली.